बोबड्या बोटांचं पाळणाघर

पाळणाघर चालवणाऱ्या बाईच्या घरात दोन गोष्टी आपोआप साचत जातात. एक म्हणजे जोडी हरवलेले मोजे आणि दुसरी म्हणजे किस्से. मोजे शोधत कधी ना कधी कोणाची तरी आई येते आणि घेऊन जाते. किस्से न्यायला कोणीच येत नाही! ते दुपारी, पोरं झोपली की, माझ्याभोवती येऊन बसतात. कूलर घरघरत असतो, ओल्या वाळ्याचा वास सगळ्या खोलीत भरलेला असतो, पडद्यातून ऊन हिरवट होऊन आत येतं, आणि मग कोणता किस्सा खरा घडला आणि कोणता मी अर्धवट झोपेत पाहिला, हे माझं मलाच सांगता येत नाही.

तरी पुढचे सगळे खरे आहेत. मौशी साक्षीदार आहे.

आमचं पाळणाघर म्हणजे नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एक अंगण, अंगणात एक कडुनिंब, मी आणि प्रमिला मौशी. आमच्याकडची पोरं चालायला शिकलेली, पण बोलायला न शिकलेली. हे वय मोठं अवघड! डोक्यात सगळं असतं, तोंडातून काही निघत नाही. आपल्याला परक्या मुलखात सोडून दिलं, तर आपणही असेच जमिनीवर आडवे पडून पाय आपटू.

त्यातल्या तन्मयनं तर पाय आपटणंही सोडून दिलं होतं. तो सरळ चावायचा. खेळणं पाहिजे, चावा. कडेवर घ्या, चावा. एका बाबांनी मला विचारलंही, "ताई, तुम्ही इथे नेमकं काय पाळता?"

तन्मयची आई मेघना, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. बिचारी रोज मान खाली घालून यायची. एक दिवस म्हणाली, "ताई, आपण याला काही खुणा शिकवून बघू या का? अख्खी भाषा नाही. ती फार मोठी आहे, तिला तिचं व्याकरण आहे. आपण तिच्यातले चार-पाच शब्द उसने घेऊ."

मग तिनं आम्हाला शिकवलं. बोटांची टोकं एकमेकांना टेकवली की 'अजून'. दोन्ही पंजे झटकून उलटे केले की 'संपलं'. दोन्ही हातांची पहिली बोटं एकमेकांकडे टोचली की 'दुखतं'. अंगठा ओठाशी नेला की 'पाणी'. तळहात पुढे केला की 'दे'. आणि दरवेळी खुणेबरोबर तोंडानं शब्दही म्हणायचा, हे तिनं बजावून सांगितलं.

मौशीला हे अजिबात पटलं नाही. "काहून वं ताई, लेकराईले मुकं करून ठेवता काय? हातानंच काम होऊन राहिलं तं तोंड कायले उघडतीन ते?"

तरी आम्ही सुरू केलं. तन्मयला 'दे' शिकवायला बरेच दिवस गेले. मग एका सकाळी तो बाहुली घेऊन बसलेल्या मिष्टीजवळ गेला, तिच्यापुढे उभा राहिला आणि त्यानं आपला तळहात सावकाश पुढे केला. 'दे'! मी श्वास रोखला. मौशीनं कणकेचा हात तसाच धरून ठेवला. मिष्टीनं त्याच्याकडे पाहिलं, बाहुली बाजूला ठेवली आणि मोठ्या विश्वासानं आपला हात त्याच्या हातात दिला.

तन्मयनं तो हात तोंडाजवळ नेला आणि कडकडून चावला!

मिष्टी किंचाळली. मी धावले. मौशी मागून म्हणाली, "पण विचारून चावला हो, ताई!"

*

मौशीचं मत बदललं ते आन्वीमुळे.

आन्वी त्या दिवशी सकाळपासून रडत होती. पोट दाबून पाहिलं, हिरड्यांना हात लावून पाहिला, कपडे सैल केले. आईला फोन केला, तर ती म्हणाली, "रात्रीपासून असंच चाललंय, दात येत असतील." आन्वीचा आवाज बसला, तरी रडं थांबेना. मौशी तिला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारत होती. एका फेरीत आन्वीनं मान उचलली, दोन्ही हात एका कानाजवळ नेले आणि बोटं एकमेकांवर टोचली.

मौशी जागच्या जागी थांबली.

"ताई! पोरगी कान दुखते म्हणून राहिली!"

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? सांगून राहिली ना ते!"

आन्वीनं परत बोटं टोचली. कानाजवळच. आम्ही घाईघाईत तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं, बारीक चिमटा हातात घेतला आणि कानातून मुगाचा एक दाणा काढला. अंघोळीच्या पाण्यानं तो टम्म फुगला होता. आणखी थोडे दिवस राहिला असता तर त्याला मोड आले असते!

आन्वीनं मोठा हुंदका दिला आणि मौशीच्या खांद्यावर तिथल्या तिथे झोपून गेली. डॉक्टर चिमटा पुसत म्हणाले, "बरं झालं वेळेवर आणलंत. पण दुखणं कानाचं आहे हे कसं कळलं? चांगली बोलते का ही?"

मौशी ताठ झाली.

"बोलत नाही जी," ती म्हणाली. "सांगते!"

*

मिष्टी आमच्याकडची सर्वांत रसिक पोरगी. तिच्या घरी सिंधी बोलतात, आमच्याकडे मराठी, बाजारात हिंदी. तीन भाषांच्या मधोमध उभं राहून तिनं सगळ्या भाषांसाठी एकच शब्द निवडला होता. 'अजून'! वरणभात अजून, झोका अजून, मौशीचं शिंकणं अजून.

लग्नाचे दिवस होते. संध्याकाळी गल्लीतून वरात निघाली. पुढे बँड, मागे घोडीवर नवरदेव. आम्ही पोरांना घेऊन फाटकात उभ्या राहिलो. गाणं संपलं, बँडवाले घाम पुसत पुढे निघणार, तेवढ्यात मौशीच्या कडेवरून मिष्टीनं बोटांची टोकं टेकवली. क्लॅरिनेटवाल्याला ती दिसली. त्याला काय कळलं कोणास ठाऊक, पण त्यानं मान झुकवून सलाम केला आणि तेच गाणं पुन्हा सुरू झालं.

संपलं. मिष्टीची बोटं परत टेकली. गाणं परत सुरू!

वरातीतल्या काकालोकांना वाटलं, बँडवाला आज खुशीत आहे. त्यांनी नव्या जोमानं नाचायला घेतलं. नवरदेवाची आई मात्र घायकुतीला आली. "अरे चलो! मुहूर्त निकल जाएगा!" कोणी हलेना. पोरीची बोटं थांबेपर्यंत बँड थांबेना, आणि पोरीची बोटं काही थांबेनात.

शेवटी नाचणाऱ्यांपैकी एका जाडजूड भाऊचं लक्ष मिष्टीकडे गेलं. तो थबकला. तिचे हात नीट न्याहाळले.

"अबे, ये स्टेप देख! नया है!"

मिनिटभरात अख्खी वरात दोन्ही हातांची बोटं टेकवत नाचत होती. लहान-मोठे, सुटातले, शेरवानीतले, साडीतल्या काकूसुद्धा. रस्त्यावर लाइटची झुंबरं डोलत होती आणि त्या उजेडात पन्नासेक माणसं एका सुरात म्हणत होती, अजून, अजून, अजून! घोडीवरच्या नवरदेवालाही राहवलं नाही. त्यानं तलवार बगलेत धरली आणि वरून दोन्ही हात जोडून बोटं टेकवली.

"बाप्पा!" मौशी म्हणाली. "याचं तं अजून एक बी झालं नाही!"

*

रुद्रला मात्र एकच खूण प्रिय होती. 'दुखतं'. कारण 'दुखतं' म्हटलं की मौशी जवळ घ्यायची, फुंकर घालायची आणि हळदीचं बोट लावायची. त्यामुळे त्याचा गुडघा दुखायचा, शर्टाचं बटण दुखायचं, चमचा खाली पडला की चमचाही दुखायचा. मौशी सगळ्यांना हळद लावायची. आमचं अर्धं पाळणाघर पिवळं होतं.

एक दिवस विजेच्या तारांवर येणाऱ्या फांद्या तोडायला लाइनवाले आले. त्यांनी अंगणातल्या कडुनिंबाची तारेकडची मोठी फांदी उतरवली. अंगणावर वाकलेली दुसरी फांदी तारेपासून दूर होती, पण "हेही साफ करून टाकू उद्या" म्हणून ते निघून गेले. तीच फांदी आमची सावली होती. मी सांगून पाहिलं, पण त्यांनी ऐकलं नाही.

दुपारी रुद्र झाडाजवळ जाऊन उभा राहिला. फांदी तोडल्याची ताजी, पांढरी जखम त्यानं मान वर करून बराच वेळ पाहिली. मग झाडाच्या बुंध्याशी बोटं टोचली. 'दुखतं'. वळून मौशीकडे पाहिलं.

मौशी उठली. आत गेली, वाटीत हळद कालवून आणली आणि रुद्रचं बोट त्यात बुडवून बुंध्याला लावलं. मग आन्वीचं बोट. मग मिष्टीचं, तन्मयचं. वाटी संपेपर्यंत सगळी पोरं झाडाला हळद लावत होती, आणि लावून झाली की ओठांचा चंबू करून फुंकर घालत होती. वारा पडलेला होता, तरी वरची पानं हलल्यासारखी मला वाटली.

दुसऱ्या दिवशी लाइनवाला कोयता घेऊन फाटकातून आत आला. बुंधा पिवळाधमक! तो तिथेच थांबला, चपला काढल्या, हात जोडले आणि माझ्यावर वैतागला.

"बाई, देवाचं झाड हाये म्हून काल काहून नाही सांगतलं जी?"

फांदी राहिली.

*

शौर्यचे आजोबा खाप्याला असतात. कन्हान नदीच्या काठाला शेती आहे. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते फोनवर एवढ्या जोरात बोलायचे की व्हिडिओ कॉल लावला की शौर्य टेबलाखाली जाऊन बसायचा. "ओ बाबू! काय करून राहिला गा!" पलीकडून गर्जना यायची. आजोबांना नातू दिसायचा नाही, नातवाला आजोबा नकोसे व्हायचे, आणि मधल्यामध्ये सूनबाई कानकोंडी व्हायची.

मध्ये आजोबा काही दिवस नागपूरला आले. शौर्यला न्यायला दुपारीच येऊन बसायचे, पोरांच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन. पोरांना शिकवलेली प्रत्येक खूण तेही करून पाहायचे. पोरांपेक्षा लवकर शिकले.

जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "कान गेल्यापासून मले सारेच ओरडून सांगतात, पोरी. ओरडलं का भांडल्यासारखं वाटते. मंग मी बी ओरडतो. इथं कोणी ओरडत नाही मले."

ते गेले आणि दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी त्यांचा कॉल आला. शौर्यची आई नुकतीच न्यायला आली होती. तिनं सवयीनं फोन कानापासून लांब धरला. पण पलीकडून आवाजच नाही. स्क्रीनवर आजोबा. शांत. त्यांनी अंगठा ओठाशी नेला.

शौर्य टेबलाखाली गेला नाही. उठला, आपली बाटली घेऊन आला. तिकडे आजोबांनी तांब्या उचलला. दोघंही एकमेकांकडे पाहत पाणी प्यायले. मग आजोबांनी फोन फिरवला. नदी दिसली, पाण्यावर मावळतीचा रंग, पलीकडच्या काठावर बगळे. शौर्यनं बोटं टेकवली. 'अजून'. फोन हलत हलत पुढे निघाला. पायवाट, संत्र्याची झाडं, वासरू. अजून. वासराचे कान. अजून. आम्ही सगळ्या उभ्या उभ्या खाप्यात फिरून येत होतो, आणि खोलीत चिटपाखराचा आवाज नव्हता.

शौर्यच्या आईचे डोळे भरून आले. तिला राहवलं नाही. तिनं फोन हातात घेतला आणि जोरात ओरडली, "बाबा! तब्येत कशी हाये तुमची?"

आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि तोंडावर बोट ठेवलं.

"थांब वं जरा!" ते म्हणाले. "आमचं बोलणं चालू हाये!"

*

एकदा दुपारी मिष्टी झोपेत बोलली.

म्हणजे हातानं. बाकी सगळी पोरं पालथी, उताणी, एकमेकांवर पाय टाकून झोपली होती. कूलरच्या वाऱ्यानं पडदा फुगत होता, बसत होता. मिष्टीचे डोळे बंद होते आणि पोटावर ठेवलेल्या हातांची बोटं हळूहळू एकमेकांना टेकत होती. अजून. अजून.

"काय मिळत असेल तिला?" मी मौशीला हळूच विचारलं.

मौशी भाजी निवडत होती. "आइस्क्रीम."

"झोका असेल."

"बँड असन."

आम्ही दोघी बघत राहिलो. एकाएकी मिष्टीचे पंजे झटकले गेले आणि उलटे झाले. संपलं. ओठ थरथरले, आता रडणार! मौशी भाजी टाकून उठली, तिच्याजवळ बसली, तिचे दोन्ही इवले हात आपल्या हातात घेतले आणि त्यांची बोटं अलगद एकमेकांना टेकवली.

मिष्टी झोपेतच हसली.

मौशी परत येऊन भाजी निवडायला लागली. "जे काय होतं, ते वाढून आली मी!"

*

आणि आता रेवाची गोष्ट.

रेवाची आई पल्लवी इतवारीत कापडाच्या एका ठोक दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करते. सकाळी पोरीला सोडते, दिवसभर काम करते आणि संध्याकाळी हातगाड्या नि टेम्पोंच्या गर्दीतून वाट काढत आपल्या स्कूटरवर इकडे येते.

रेवा आमची कोणतीच खूण करायची नाही. तिची स्वतःची एकच खूण होती, आणि ती कोणालाच कळायची नाही. ऊन उतरायला लागलं की ती खिडकीशी जाऊन गज धरायची. मग एक हात कानापाशी न्यायची, हनुवटीखालून दुसऱ्या कानाकडे फिरवायची आणि डोक्यावरून परत. गोल, सावकाश. करून झालं की आमच्याकडे पाहायची.

"पंखा लावू?" मी विचारायची. नाही.

"जिलबी म्हणून राहिली काय?" मौशी विचारायची. नाही. भोवरा? मिक्सर? डोक्यावरून पाणी? मेघनालाही दाखवलं. ती म्हणाली, "ही खूण माझ्याकडची नाही. हिची हिनंच केलीय." रेवा आम्हा सगळ्यांकडे कीव आल्यासारखी पाहायची आणि परत खिडकीकडे वळायची.

तोंडानं ती 'बाबा' म्हणायला लागली होती. 'आबा' म्हणायची. कुत्र्याला 'भू' म्हणायची. 'आई' मात्र म्हणत नव्हती.

पल्लवीनं हे आम्हाला आधी हसत सांगितलं. "ताई, माझा नंबर कुत्र्याच्या मागं हाये!" नंतर तिचं हसणं कमी होत गेलं. घरी सासूबाई म्हणाल्या होत्या, "दिवसभर दुसऱ्याच्या घरी राहते पोरगी. तिले आई कोन हे मालूम तरी असन का?" आणि एका सकाळी रेवाची पिशवी माझ्या हातात देताना ती खाली बघत म्हणाली, "ताई, या महिन्यानंतर रेवा येणार नाही. नोकरी सोडून राहिली मी. साऱ्यायसाठी काही ना काही हाये तिच्याजवळ. माझ्यासाठी काहीच नाही."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती निघून गेली.

एरवी संध्याकाळी आम्हा दोघींची पाठ खिडकीकडे असते. पिशव्या भरायच्या, डबे पुसायचे, चपला शोधायच्या, त्यात बाहेर कोण येतं जातं हे दिसत नाही. त्या दिवशी मात्र रेवाला सकाळपासून किरकिर होती, म्हणून मी तिला कडेवर घेऊनच खिडकीत उभी राहिले.

गल्लीत केशरी ऊन भरलं होतं. ऑफिसं सुटली होती. एकामागून एक स्कूटर येत होत्या आणि प्रत्येकीवर एक बाई, तोंडाला गच्च स्कार्फ बांधलेली, डोळ्यांवर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. नागपूरच्या उन्हात सगळ्या बाया एकसारख्या. माझी सख्खी बहीण गेली असती तरी मला ओळखू आली नसती.

त्यातली एक आमच्या फाटकाशी थांबली. गाडी स्टँडवर लावली. गॉगल काढला. मग तिनं एक हात कानापाशी नेला आणि स्कार्फचं टोक सोडलं.

माझ्या कडेवर रेवाचा हात वर गेला.

बाहेर हात हनुवटीखालून फिरला. आत हात हनुवटीखालून फिरला. बाहेर डोक्यावरून, आत डोक्यावरून. स्कार्फ सुटला, पल्लवीचा घामेजलेला चेहरा उघडा पडला, आणि रेवानं माझ्याकडे वळून पाहिलं.

मौशी माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली होती मला कळलं नाही. ती गजांना धरून ओरडली, "पल्लवी! बांध वं, परत बांध!"

"काय झालं, मौशी?" पल्लवी घाबरली. "रेवा बरी हाये ना?"

"बांध म्हणते ना मी! तोंड झाक! अन् मंग सोड, आमच्याकडं पाहत पाहत सोड!"

पल्लवीला काही कळलं नाही, पण तिनं स्कार्फ परत बांधला. घाईघाईत, वाकडातिकडा. मग खिडकीकडे पाहत हात कानापाशी नेला. रेवाचा हात कानापाशी गेला. पल्लवीचा हात थांबला. रेवाचाही थांबला. पल्लवीनं हळू, फार हळू एक फेरा सोडला.

खिडकीत एक फेरा सुटला.

तिच्यामागे एक टेम्पो अडकला होता आणि हॉर्नवर हॉर्न देत होता. त्याच्यामागे आणखी दोन गाड्या. पल्लवी रस्त्यात तशीच उभी होती. चेहरा पूर्ण उघडा झाला, तेव्हा तो ओला होता. तिनं तो पुसला नाही, गाडी बाजूला घेतली नाही. स्कार्फचं टोक शोधलं आणि परत बांधायला घेतला.